एचडीएल वाढवायला काय खाऊ?

"डॉक्टर, बाकी सगळं नॉर्मल आहे, फक्त चांगलं कोलेस्टेरॉल, म्हणजे एचडीएल, कमी आलंय. काय खाल्लं की वाढेल?" चांगली धडधाकट माणसं हातात रिपोर्ट घेऊन येतात आणि हमखास हे विचारतात. पुरुषांमध्ये 40 च्या आणि बायकांमध्ये 50 च्या खाली आकडा गेला, की लॅब तो ठळक अक्षरांत छापते. झोप उडवायला तेवढं पुरतं.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो: आकडा वाढवायच्या मागे लागू नका, तो कमी का झालाय ते बघू.

भीती अगदीच निराधार नाही. एचडीएल कमी असलेल्यांना हृदयविकार जास्त होतो, हे अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅमच्या अभ्यासातून 1977 सालीच पुढे आलं होतं. एचडीएल रक्तवाहिन्यांच्या भिंतींतलं जादा कोलेस्टेरॉल उचलून यकृताकडे नेतं. मग ते वाढवलं की काम फत्ते, असं औषध कंपन्यांनाही वाटलं. टॉर्सेट्रॅपिब नावाच्या औषधाने एचडीएल तब्बल 72 टक्क्यांनी वाढलं. पण ते घेणाऱ्यांत मृत्यूही जास्त झाले आणि 2006 च्या डिसेंबरमध्ये चाचणी थांबवावी लागली. त्या औषधाने रक्तदाबही वाढायचा, हे खरं. पण मग नायसिन या एचडीएल वाढवणाऱ्या दुसऱ्या औषधाचं काय? पंचवीस हजारांहून जास्त रुग्णांवरच्या चाचणीचे निकाल 2014 मध्ये आले. एचडीएल वाढलं, हार्ट अटॅक काही कमी झाले नाहीत, दुष्परिणाम मात्र पदरात पडले. जन्मजातच एचडीएल थोडं जास्त ठेवणारा एक जनुकीय बदल काहींमध्ये असतो. त्यांनाही त्याचा फायदा झालेला दिसला नाही.

म्हणून मी रिपोर्टवर आधी ट्रायग्लिसराइडची, म्हणजे रक्तातल्या एका प्रकारच्या चरबीची, ओळ बघतो. रक्तात ट्रायग्लिसराइड वाढलं की एचडीएलच्या कणांशी त्याची अदलाबदल होते: कोलेस्टेरॉल जातं, ट्रायग्लिसराइड येतं. असे कण आक्रसतात आणि रक्तातून लवकर काढून टाकले जातात. म्हणजे बऱ्याचदा कमी एचडीएल हा धूर असतो, आग दुसरीकडेच. वाढलेलं पोट, इन्सुलिनला नीट दाद न देणारं शरीर, साखर आणि मैद्याचा मारा, दिवसभराची बैठक. कमरेचा घेर मोजायला टेप काढला की निम्म्या जणांचा चेहरा पडतो. पिळदार शरीराच्या तरुणांना मी स्टेरॉइडबद्दल स्पष्ट विचारतो, कारण त्याने एचडीएल फार खाली जातं.

यावर उपाय केले की आकडा किती हलतो? नियमित व्यायामाने सरासरी दोन-तीन मिलिग्रॅम. सिगारेट सोडल्यावर साधारण चार. बस्स, एवढंच. पण त्याच व्यायामाने ट्रायग्लिसराइड, साखर आणि रक्तदाब उतरतात, खरी कमाई ती. वजन घटत असताना एचडीएल आधी किंचित घसरूही शकतं. वजन स्थिर झाल्यावर ते वर येतं. त्यामुळे डाएटच्या ऐन मध्यात टेस्ट करून निराश होऊ नका. "दारूने वाढतं ना?" हा प्रश्न बहुतेकदा हसत हसत येतो. वाढतं. नायसिननेही वाढायचं.

उरतात ती सडपातळ, निर्व्यसनी, रोज चालणारी माणसं, ज्यांच्या घराण्यातच एचडीएल कमी असतं. त्यांच्यासाठी मी एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करतो. हे उत्तर 130 च्या आत असेल, रक्तदाब आणि साखर ठीक असेल, आईवडिलांना किंवा भावंडांना कमी वयात हृदयविकार झाला नसेल, तर मी एचडीएलसाठी वेगळं औषध लिहून देत नाही. उत्तर जास्त आलं, तर उपचार एलडीएलवर, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉलवर, करायचे. तिथे औषधं खरोखर उपयोगी पडतात.