उरलेले 65 शेअर

मंगळवार, संध्याकाळ. बडोदे.

आज बाबांच्या नावावरून माझ्या नावावर आलेल्या शेअरांपैकी एका लहान रसायन कंपनीचे 200 शेअर विकायला काढले होते. त्यांपैकी 135 विकले गेले आणि 65 राहिले. ऑर्डर टाकण्यापूर्वी या वहीत संख्या, किमान भाव आणि विकण्याचे कारण लिहायचे, हा नियम मी दोन वर्षांपूर्वी स्वतःला घालून घेतला. त्याप्रमाणे सकाळी लिहिले ते असे: 200 शेअर, 310 रुपयांखाली नाही, दांडिया बाजारातल्या घराचे छप्पर पावसाळ्यापूर्वी बदलायचे आहे.

हा नियम कशासाठी, ते एकदा सविस्तर लिहून ठेवते. बाबांचे शेअरचे सगळे व्यवहार रावपुऱ्यातल्या एका दलालाकडे होत असत. 1990 मध्ये बडोद्याचा स्वतःचा शेअर बाजार सुरू झाला, तेव्हा मी महाविद्यालयात होते आणि घरात त्याविषयी पुष्कळ बोलणे होई. तो बाजार आता राहिलेला नाही. बाबा विकायला गेले, की ते दलालभाई पहिल्यांदा एकच विचारत: "केम वेचवा छे, साहेब?", म्हणजे का विकायचे आहेत. बाबांना त्याचे उत्तर द्यावे लागे, आणि उत्तर देता देता कित्येकदा ते न विकताच घरी परत येत. आता माझ्या बँकेच्या ऑनलाइन खात्यात बचत खाते, शेअर ठेवायचे डीमॅट आणि सौदे करायचे ट्रेडिंग ही तिन्ही खाती एकमेकांना जोडलेली आहेत, पैसे आपोआप येतात-जातात, कुठे धनादेश लिहावा लागत नाही. पण मला कोणी कारण विचारत नाही. पडद्यावर "खात्री करा" एवढेच येते. म्हणून तो प्रश्न मी या वहीकडे सोपवला आहे.

दोन वर्षांपूर्वी हे न करता मी याच कंपनीचे काही शेअर "मार्केट" भावाने, म्हणजे त्या क्षणी मिळेल त्या भावाला, विकले होते. वर दिसणारा शेवटचा भाव म्हणजे मला मिळणारा भाव, असा माझा समज होता. प्रत्यक्षात तो आधीच्या कोणाच्या तरी सौद्याचा भाव असतो, आणि ज्या शेअरला गिऱ्हाईक थोडे, तिथे मार्केट ऑर्डर एकेक खरेदीदार संपवत खाली खाली उतरत जाते. ते नुकसान रकमेने मोठे नव्हते, तरी बाबांनी जपलेली वस्तू मी न पाहता दिली, याचे मला फार वाईट वाटले होते.

आज मात्र आधी पाच सर्वांत वरच्या बोलींचा तक्ता उघडला. शेवटचा भाव 314 होता. खरेदीदार असे होते: 312 ला 25, 309 ला 40, 306 ला 15, 301 ला 60 आणि 296 ला 110. कागदावर गुणाकार केला, तर मार्केट ऑर्डरने माझ्या 200 शेअरांचे 60,570 रुपये, म्हणजे सरासरी 302 रुपये 85 पैसे आले असते. 314 च्या हिशेबाने 62,800. मी 310 ची लिमिट ऑर्डर टाकली, म्हणजे त्याखाली विक्री होणार नाही. पंचवीस शेअर लगेच 312 ला गेले, बाकीचे रांगेत उभे राहिले. दुपारी अडीचपर्यंत आणखी 110 शेअर 310 ला गेले, आणि साडेतीनला बाजार बंद होताच उरलेल्या 65 ची ऑर्डर आपोआप रद्द झाली.

ऑर्डर टाकण्याआधी डिपॉझिटरीच्या, म्हणजे डीमॅटमधले शेअर सांभाळणाऱ्या संस्थेच्या, संकेतस्थळावर टीपिन हा गुप्त क्रमांक आणि मोबाइलवर आलेला क्रमांक घालून शेअर देण्याची परवानगी द्यावी लागली. बँकेच्या कर्मचाऱ्याने गेल्या वर्षी डीडीपीआय या, विकलेले शेअर काढून घेण्याच्या कायमच्या परवानगीवर सही करायचे सुचवले होते, म्हणजे विक्रीच्या वेळी हे करावे लागत नाही. मी नको म्हटले. ज्यांना रोज विकायचे असते त्यांना ती सोय योग्य असेल. मला वर्षातून चारदा विकायचे असते, आणि ती दोन मिनिटे मला हवी आहेत.

दलाली माझ्या योजनेत शेकडा पन्नास पैसे आहे. आजच्या 41,900 रुपयांवर 209 रुपये 50 पैसे, त्यावर 18 टक्के जीएसटी, आणि शिवाय 0.1 टक्का एसटीटी हा शेअरच्या सौद्यावरचा सरकारी कर, जो कोणाकडेही गेले तरी तेवढाच लागतो. कमी दलालीची कितीतरी ॲप आहेत, हे भाचा मला दर भेटीत सांगतो आणि त्याचे म्हणणे खरे आहे. तरीही पैसा आणि शेअर एकाच ठिकाणी दिसावेत आणि अडचण आली तर चालत जाता येईल अशी शाखा असावी, यासाठी मी ही रक्कम समजून देते.

एका गोष्टीबद्दल मात्र माझी खरी तक्रार आहे. वारसाने आलेल्या या शेअरांची खरेदी किंमत खात्यात शून्य दाखवतात, त्यामुळे विक्रीची सगळी रक्कम नफा म्हणून दिसते. हे चूक आहे. वारसाला बाबांचीच खरेदी किंमत आणि त्यांचाच धारणकाळ, म्हणजे शेअर जवळ असल्याचा काळ, मिळतो. शिवाय 31 जानेवारी 2018 पर्यंत घेतलेल्या शेअरांसाठी त्या दिवशीचा सर्वोच्च भाव, विक्रीच्या किमतीच्या मर्यादेत, खरेदी किमतीपेक्षा जास्त असेल तर तोच धरता येतो. दीर्घ मुदतीच्या नफ्यावर वर्षाला सव्वा लाखापर्यंत कर नाही आणि त्यापुढे 12.5 टक्के आहे. म्हणजे एखाद्या वारसाने खात्यात दिसणारा नफा तसाच प्राप्तिकराच्या विवरणपत्रात उतरवला, तर नसलेला कर भरला जाईल. बाबांच्या ट्रंकेत 1999 ची दलालाची पिवळी पडलेली चिठ्ठी सापडली, तिच्यावरून मी हिशेब पुन्हा मांडला आणि चिठ्ठीचा फोटो काढून ठेवला. घरात जुने शेअर असतील त्यांनी वडीलधारी माणसे आहेत तोवर अशा चिठ्ठ्या शोधून ठेवाव्यात.

रात्री काँट्रॅक्ट नोट, म्हणजे सौद्याची पावती, आली. भाव, संख्या, दलाली जुळली. पैसे उद्या हाती येतील. कारागीर शनिवारी आगाऊ रक्कम घ्यायला येणार आहे आणि तेवढ्यापुरते हे 135 पुरेसे आहेत.

उरलेले 65: उद्या, 310, कारण तेच.