सतरावी सीट

बेलम गुहेच्या सहलीची गाडी भरताना दरवेळी तेच होतं. सांगलीत गुहा म्हटलं की माणसाला दंडोबाच्या डोंगरातलं गुहेतलं देऊळ आठवतं. डोंगर चढायचा, देवदर्शन करायचं, उतरायचं. बेलमला डोंगरच नाही. आंध्रातल्या काळ्या सपाट रानात विहिरीसारखा खड्डा आणि खाली जाणारा जिना. गुहा सव्वातीन किलोमीटरची, त्यातली दीडेक किलोमीटर लोकांना खुली. पाण्यानं चुनखडी विरघळून झालेल्या वाटा त्या. कुठं सभामंडपाएवढी जागा, कुठं वाकून जायचं. सगळ्यात खोल पाताळगंगा, जमिनीखाली 46 मीटर. हवेसाठी पाईप सोडलेत, तरी थोड्या वेळात सदरा अंगाला चिकटतो. स्वेटर गाडीत ठेवा म्हणून बुकिंगलाच सांगतो. गुहा म्हणजे गारच, असं धरून सगळे स्वेटर घालूनच उतरतात.

रात्री मिरज सोडायची, पहाटे बळ्ळारी, ताडिपत्री गावात नाष्टा, सकाळच्या पहिल्या लोकांबरोबर आत. वाटेत कुठल्या पंपावरचं स्वच्छतागृह बायकांना चालतं, याची माझी वेगळी वही आहे. ही वही नसलेले आमच्या धंद्यात रोज एक निपजतात.

त्या जानेवारीत सतरा सीटरला सोळाच जण होते. एका निवृत्त गुरुजींचा फोन आला. बोलताना दोनदा खोकले, वाक्य अर्ध्यात तोडून श्वास घेतला. मी ऐकलं. तरी गुगल पेचा नंबर देऊन मोकळा झालो.

पाताळगंगेच्या अलीकडं गुरुजी दगडावर बसले. छातीतून शिट्टी वाजत होती. दम्याचा पंप पिशवीत, पिशवी गाडीत, ड्रायव्हर वर आणि खाली मोबाईलला रेंज नाही. पार्टीतलं एक पोरगं पळालं. तोवर मी कोंडाळं हटवत होतो. आजारी माणसाची हवा अडवून उभं राहायची आपल्याकडं हौसच आहे. कुणी पाणी पाजतंय, कुणी कांदा हुंगवा म्हणतंय! पंप आला, दोन झुरके घेतल्यावर गुरुजी बोलायला लागले. दर दहा पावलांना टेकत वर आलो.

उजेडात आल्यावर मी म्हणालो, "गुरुजी, दम्याचं सांगायचं नाही का?"

"तुम्ही विचारलंच नाहीत," ते म्हणाले. रागानं नाही, हजेरी घेतल्यासारखं.

आता फॉर्मवर दमा, बीपी, गुडघे असा रकाना टाकलाय. सगळे 'नाही' लिहितात.

परवा गुरुजींचा फोन आला, बोर्रा गुहेची ट्रीप कधी काढताय म्हणून. तीन सीट शिल्लक होत्या. दर सांगून टाकला, मग दम्याचं विचारायला तोंड उघडलं, तर ते म्हणाले, "पंप खिशात ठेवीन."

अजून त्यांचं नाव लिहिलेलं नाही.