माझा अनुभव : लिनक्सची अद्यतने आणि भरलेले ‘बूट’

लॅपटॉपवर डेबियन १२ (लिनक्सचा एक प्रकार) बसवल्यावर अद्यतनांचा माझा नेम साधा होता. दर रविवारी सकाळी टर्मिनल उघडून ‘एपीटी अपडेट’ आणि त्यामागोमाग ‘एपीटी अपग्रेड’ या दोन आज्ञा द्यायच्या (एपीटी हे डेबियनमध्ये सॉफ्टवेअर बसवण्याचे आणि काढण्याचे साधन). काही महिने हे इतके सुरळीत चालले की त्याविषयी लिहिण्यासारखे काहीच नाही.

मग एका रविवारी नवा कर्नल (प्रणालीचा गाभा) बसता बसता अडला आणि ‘डिस्कवर जागा शिल्लक नाही’ असा संदेश आला. माझा त्यावर विश्वास बसेना, कारण डिस्कच्या मुख्य विभागात साठ जीबी मोकळे होते. तरीही मी ‘एपीटी क्लीन’ करून उतरवलेली पॅकेजे (सॉफ्टवेअरचे गठ्ठे) पुसली, जुने व्हिडिओ काढले आणि पुन्हा पुन्हा तीच आज्ञा देत राहिलो. दुपार झाल्यावर प्रत्येक विभागातली मोकळी जागा दाखवणाऱ्या ‘डीएफ’चा तक्ता ओळीओळीने वाचला, तेव्हा कळले की भरला होता तो ‘/बूट’ हा वेगळा विभाग, म्हणजे संगणक सुरू होताना लागणाऱ्या फाइलींची जागा. डिस्क कूटबद्ध करताना तो मीच वेगळा ठेवला होता आणि ‘एवढे पुरे’ म्हणून त्याला जेमतेम पाचशे एमबी दिले होते. प्रत्येक कर्नलसोबत तिथे इनिट्रॅमएफएसची (सुरू होताना कर्नलला लागणाऱ्या साधनांची) एक जाडजूड फाइल येऊन बसते, हे तेव्हा माझ्या ध्यानातही नव्हते.

खरा संताप पुढे आला. जुने कर्नल काढण्यासाठी ‘एपीटी ऑटोरिमूव्ह’ म्हणावे, तर ते म्हणे, अवलंबित्वे (एका पॅकेजला लागणारी दुसरी पॅकेजे) अपुरी आहेत, आधी अर्धवट राहिलेले दुरुस्त करणारे ‘फिक्स-ब्रोकन’ चालवा. आणि ‘फिक्स-ब्रोकन’ चालवावे, तर ते तोच नवा कर्नल त्याच भरलेल्या विभागात कोंबू पाही. एका खिडकीने दुसरीकडे आणि दुसरीने पुन्हा पहिलीकडे पाठवावे, तसे हे तासभर चालले. चालू कर्नल कोणता हे ‘युनेम -आर’ने पाहून (ही पायरी चुकवू नये, चालू कर्नलच काढून बसलात तर पुढचा दिवसही गेला) मी सर्वांत जुना कर्नल एपीटीच्या खालच्या पातळीवरच्या ‘डीपीकेजी --पर्ज’ने थेट काढला, कारण ही आज्ञा एपीटीचा तो हट्ट जुमानत नाही. मग ‘फिक्स-ब्रोकन’ मुकाट्याने पूर्ण झाले आणि ‘ऑटोरिमूव्ह’नेही उरलेले जुने कर्नल उचलले. हे शिकवणीवाचून जमले, याचा थोडा अभिमान आहे. मात्र ‘ऑटोरिमूव्ह करा’ ही सूचना दर रविवारी पडद्यावर येत होती आणि मी ती वाचत नव्हतो, हेही कबूल केले पाहिजे.

आता सुरक्षेची अद्यतने ‘अनअटेंडेड-अपग्रेड्स’ हे आपोआप चालणारे साधन घेते आणि वापरात नसलेले जुने कर्नलही तेच काढते. उरलेली अद्यतने मी रविवारीच घेतो, पण ‘होय’ म्हणण्यापूर्वी यादी वाचतो. एक सांगायचे राहिले : ‘एपीटी-गेट अपग्रेड’ ही जुनी आज्ञा नवी पॅकेजे बसवत नाही, त्यामुळे नव्या नावाने येणारा कर्नल तिथे नुसता रोखून धरला जातो, म्हणून हाताने करताना ‘एपीटी अपग्रेड’च द्यावे. आणि नवी मांडणी करणार असाल, तर ‘/बूट’ला निदान एक जीबी द्या.