दीर्घ ईचा ईशान

आमच्या धाकट्याच्या जन्मदाखल्यावर सगळं होतं. जन्मतारीख, आईचं नाव, बापाचं नाव, पत्ता, नोंदणी क्रमांक. फक्त बाळाच्या नावासमोर चार आडव्या रेघा. अडीच वर्षं तो कागद कपाटात शालूखाली जपून ठेवला होता आणि घरातल्या एकाही शहाण्या माणसानं त्या रेघांकडं बघितलं नव्हतं. त्या चार रेघांच्या जागी तीन अक्षरं यावीत म्हणून या मे महिन्यात मी दोन लेकरं घेऊन परभणीहून तीनदा माहेरी गेले. गाव कोणतं ते सांगत नाही, तिथं माझी आई राहते आणि तिला उद्याही त्याच कचेरीत घरपट्टी भरायची आहे.

रेघा का राहिल्या? तर दवाखान्यातून जन्माची माहिती वेळेत गेली, पण तोवर आमच्या घरी नावच ठरलं नव्हतं. बारशाला आत्यानं पाळण्यात ‘रुद्र’ कुर्र केलं. नानांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, ‘ईशान’ धरून ठेवलं. चारेक महिने घरात एकाच लेकराला दोन नावं होती. मग ईशान ठरलं, आत्या रुसली, परत हसली आणि दाखला शालूखालीच राहिला.

मे उजाडला तेव्हा मी दोन कामं काढली. थोरली ओवी जूनमध्ये पहिलीला जाणार, तिचं आधार अपडेट करायचं. आणि ईशानला नर्सरीत घालायचं, त्याचं नवीन आधार काढायचं. आधार केंद्रावरच्या पोरानं दाखला हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला आणि विचारलं, “ताई, यात लेकराचं नाव कुठंय?”

मी म्हणलं, दवाखान्याचं कार्ड आहे, लसीकरणाचं कार्ड आहे, त्यावर नाव आहे. तो म्हणाला, १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या लेकरांना जन्मदाखलाच लागतो, दुसरं काही चालत नाही. आमचा जन्मला नोव्हेंबरात. दीड महिना घाई केली असती तर!

ओवीचंही त्या दिवशी झालं नाही. मावसबहिणीच्या लग्नात तिनं दोन्ही हातांना कोपरापर्यंत मेंदी काढून घेतली होती, मशीन बोटं घेईना. म्हणून सांगते, लग्नसराईत आधारचं काम असेल तर आधी आधार, मग मेंदी.

नाव टाकायचं तर जिथं जन्म झाला तिथल्याच नोंदणीत. तुम्ही राहता कुठं याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. बाळंतपणाला माहेरी जायची आपली रीत, त्यामुळं हे कटकटीचं काम आपसूक बाईच्या माहेरी जाऊन पडतं. ह्यांचं कृषी सेवा केंद्र. खरिपाचं बियाणं उतरायच्या दिवसांत दुकान सोडून या म्हणायची सोय नाही. तेव्हा मी, ओवी, ईशान, धपाट्यांचा डबा आणि पाण्याच्या तीन बाटल्या.

एस.टी.त माझं अर्धं तिकीट, ओवीचं अर्धं, ईशानचं फुकट. तीन जिवांचा प्रवास एका तिकिटात, एवढीच काय ती या प्रकरणातली चांगली बाजू.

पहिल्या खेपेला कचेरीत पोचायला सव्वाबारा वाजले. हीच पहिली चूक. त्या दिवशीच्या पेपरात कृषी विद्यापीठाचा तापमानाचा आकडा ४३ अंशांच्या वर होता. बसस्टँडपासून चालत गेले, तर डांबर चपलेला चिकटत होतं. जन्म-मृत्यूच्या खोलीत एक बाक, दोन कपाटं आणि एक पत्र्याचा कुलर. कुलरचं तोंड टेबलाकडं. बाकाकडं फक्त त्याचा आवाज.

टेबलामागच्या भाऊंनी मान वर न करता सांगितलं, “साहेब लग्नाला गेलेत. उद्या या.”

“अर्ज तरी घ्या.”

“साहेब नाहीत तर अर्ज घेऊन काय करू? आणि डिस्चार्ज कार्ड कुठंय?”

डिस्चार्ज कार्ड परभणीत, शालूखाली. ह्यांना फोन केला, त्यांनी कपाट उपसून व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवला, मी समोरच्या झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट काढली. भाऊ म्हणाले, “ओरिजनल बघावं लागतंय.” तेवढ्यात ईशाननं कुलरच्या टाकीत हात घालायचा प्रयत्न केला आणि माझं काळीजच हललं. हे मध्येच सांगते, पण विसरू नका: पत्र्याच्या कुलरला लेकरांना हात लावू देऊ नका, घरचा असो की कचेरीतला. पाणी भरायचं तर आधी प्लग काढायचा, मग बादली उचलायची. आमच्या गल्लीत दर उन्हाळ्यात कुणाला ना कुणाला झटका बसतोच.

त्या दिवशी तसंच परत. दुपारभर आईच्या घरी कवाडं लावून पडलो. पन्हं केलं, ईशाननं अर्धं प्यायलं, अर्धं अंगावर घेतलं.

दुसऱ्या खेपेला ओरिजनल कार्ड, दोघांचे आधार, जुना दाखला, अर्ज असं सगळं एका फाइलीत. भाऊंनी एकेक कागद बघितला. मला वाटलं, झालं आता. मग ते म्हणाले, “आणि शपथपत्र?”

“कसलं शपथपत्र? मागच्या खेपेला नाही सांगितलं तुम्ही.”

“मागच्या खेपेला तुम्ही कार्ड कुठं आणलं होतं?”

या वाक्यावर मी अजून विचार करते. म्हणजे एकेक पायरी चढल्याशिवाय पुढची दाखवायची नाही, असा काही नियम आहे का? घरी ओवीला चित्रं रंगवायला दिली तरी मी सांगते, आधी हे, मग ते, मग झालं. आणि इथं टेबलापलीकडच्या माणसाला सगळी यादी तोंडपाठ असते, तरी ती एका दमात बाहेर येत नाही. तुम्ही जाल तेव्हा पहिल्याच दिवशी कोरा कागद पुढं करा आणि म्हणा, काय काय लागतं ते सगळं यावर लिहून द्या. मी हे तिसऱ्या खेपेला शिकले.

शपथपत्र बाँडवर. शंभराचे बाँड बंद झालेत, तेव्हा पाचशेचा आणा. लेकराचं नाव ईशान आहे हे सांगायला पाचशे रुपये!

बाहेर लिंबाखाली टायपिंगवाले काका बसतात. त्यांच्याकडं जाऊन म्हणलं, काका, शपथपत्र करायचंय. त्यांनी आधी ईशानला स्टुलावर बसवलं, माठातलं पाणी दिलं आणि मग विचारलं कशासाठी. ऐकून म्हणाले, “माय, पाचशे कशाला घालवायलीस? ह्येला स्वयंघोषणापत्र चालतंय. मार्च २०१५ चा शासन निर्णय हाय.” खरं तर शपथपत्र टाइप केलं असतं तर त्यांनाच चार पैसे मिळाले असते. छापील नमुना दिला, त्याचे पाच रुपये घेतले आणि कुठं सही करायची तिथं पेन्सिलनं फुली मारून दिली.

मी नमुना घेऊन आत गेले. भाऊ म्हणाले, “साहेबांना विचारावं लागंल.” साहेब चार वाजता येणार. एकपासून चारपर्यंत आम्ही त्या बाकावर. कुलरसमोर उभं राहून ओवी ‘आऽऽऽ’ करत होती, पंख्यामुळं आवाज थरथरत परत येतो ना, ते तिला फार आवडतं. भाऊ दोनदा ओरडले, तिसऱ्यांदा त्यांनीच कुलर जरा बाकाकडं वळवला. ते मान्य करायला पाहिजे.

कुलर वळला आणि मागची भिंत दिसली. तिथं लोकसेवा हक्काचा फलक! २०१५ चा कायदा आलाय तेव्हापासून प्रत्येक कचेरीत लावायचा असतो: कोणती सेवा, कोण अधिकारी, किती दिवसांत. पहिले रकाने आम्हाला आधीही दिसत होते, ‘किती दिवसांत’ हा रकाना नेमका कुलरमागं. ओवी सध्या दिसेल ती पाटी वाचते. भिंतीला नाक लावून तिनं वाचलं, “दि...व...स.” किती दिवस, म्हणलं. आकडा कुलरच्या पाण्यानं धुऊन गेला होता.

साहेब साडेचारला आले. स्वयंघोषणापत्र बघितलं, “चालतंय की,” म्हणाले, सही केली. एक मिनिटसुद्धा लागलं नाही. मग लाइट गेली.

त्या रात्री आईच्या गच्चीवर झोपलो होतो. मच्छरदाणीत दोन लेकरं, मधी आई, कडेला मी. झोप येईना, म्हणून फोनवर १९६९ चा जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदाच काढला. कलम १४. नोंद नावाविना झाली असेल तर आईबापानं किंवा पालकानं बाळाचं नाव निबंधकाला कळवायचं, तोंडी किंवा लेखी. तोंडी! अंधारात एकटीच हसले. आईनं विचारलं, काय झालं गं? म्हणलं, काही नाही, झोप तू. १२ महिन्यांच्या आत कळवलं तर फुकटात होतं. नंतर लेट फी लागते आणि १५ वर्षांपर्यंत नाव टाकता येतं. म्हणजे तुमच्या घरातही रेघांचा दाखला असेल तर अजून वेळ गेलेली नाही, पण जमलं तर पहिला वाढदिवस यायच्या आत उरका.

सकाळी सर्व्हर बंद. शुक्रवार होता. पुढं शनिवार-रविवार. परत परभणी.

तिसऱ्या खेपेला मी साडेनऊलाच दारात. भाऊंच्या आधी. त्यांनीच कुलूप काढलं, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, “आलाव का? बसा.” लाइट होती, सर्व्हर होता, लेट फीची पावती झाली. ते टाइप करायला लागले. स्क्रीन त्यांच्याकडं, मला दिसत नव्हती. प्रिंट काढायला हात गेला तेवढ्यात मी म्हणलं, एकदा दाखवा.

‘इशान’.

“भाऊ, हे ऱ्हस्व झालं. दीर्घ ई पाहिजे.”

“एवढ्यानं काय होतंय ताई. उच्चार तर तोच हाय.”

उच्चार तोच! आमचे नाना जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी होते. लग्नपत्रिकेत ऱ्हस्व-दीर्घ चुकलं म्हणून त्यांनी छापखान्यातून दोनशे पत्रिका परत पाठवल्या होत्या. ज्या नावासाठी चार महिने आत्या रुसली, ते नाव मी पहिलं अक्षर चुकवून घरी नेणार?

भाऊंचीही अडचण होती. ते इंग्रजीत आय-एस-एच-ए-एन टाइप करत होते आणि मराठी आपोआप येत होतं, तिथं ऱ्हस्वच उमटायचं. मी म्हणलं, मराठी रकान्यात वेगळं टाका. ते म्हणाले, असंच येतंय. मी म्हणलं, मग थांबते. ईशान तेवढ्यात भोकाड पसरून रडायला लागला. मी चिमटा काढला नव्हता, शपथ. त्याला पेप्सीकांडी पाहिजे होती आणि ती खिडकीतून समोरच्या टपरीवर दिसत होती. त्या रडण्यात भाऊंनी तीनदा खोडलं, तीनदा टाकलं. शेवटी मी माझ्या फोनवर ‘ईशान’ लिहून दाखवलं. त्यांनी शेजारच्या टेबलावरच्या मुलीला बोलावलं. तिनं शब्दावर क्लिक करून खाली आलेल्या यादीतून दुसरा पर्याय निवडला. दहा सेकंद.

नाव एकदा नोंदीत गेलं की दुरुस्तीचं प्रकरण वेगळं आणि मोठं, तेव्हा प्रिंटआधी स्क्रीन बघितल्याशिवाय खुर्ची सोडू नका. मराठी बघा, इंग्रजीही बघा. शाळेत तेच स्पेलिंग आयुष्यभर चिकटतं.

सव्वाअकराला दाखला हातात. मी दोन्ही लेकरांना पेप्सीकांडी घेऊन दिली, स्वतःलाही घेतली, काकांना एक नेऊन दिली. ते म्हणाले, दात दुखतात, आणि खाल्ली.

आधारचं काय सांगायचं, ते पंधरा मिनिटांत झालं. पाच वर्षांखालच्या लेकराचे ठसे घेत नाहीत, नुसता फोटो आणि आईचा किंवा बापाचा अंगठा. ओवीची मेंदी उतरली होती, तिची बोटं आणि डोळे घेतले. पाच ते सातमध्ये पहिल्यांदा करायला पैसे लागत नाहीत, मागितले तर आधारच्या १९४७ या नंबरला फोन लावा.

राहिलेलं एकेक आठवतंय तसं सांगते. अर्ज दिला की दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या, पोच नसेल तर तुम्ही आलाच नव्हता. दाखला लॅमिनेट करू नका, आमच्या शेजारणीला दुसऱ्या एका ठिकाणी प्लास्टिक फाडायला लावलं होतं. डिस्चार्ज कार्ड सांभाळा, बिल नसलं तरी चालेल. लेकरं नेणार असाल तर सकाळची पहिली गाडी धरा आणि एकच्या आत परत फिरा, जेवणाच्या सुट्टीनंतर टेबलावर कोण असेल याचा भरवसा नाही. ओआरएसची दोन पाकिटं पर्समध्येच ठेवा.

आणि धपाट्यांबरोबर दही नेऊ नका. शेंगदाण्याची चटणी न्या. पहिल्या खेपेला डबा आडवा झाला आणि नाव नसलेल्या दाखल्याच्या मागच्या बाजूला अजून पिवळा डाग आहे.