पर्जन्यमापक विरुद्ध लाडवांचा डबा

गेल्या खेपेला कळवलं होतं की बोरिवलीच्या आमच्या गच्चीवर घरगुती हवामान स्टेशन (पर्जन्यमापक, ढगांचा कॅमेरा आणि सेन्सर) एकदाचं उभं राहिलं. अजून उभं आहे. पण महिनाभर ते पाऊस चोरत होतं, आणि ही चोरी पकडली आईच्या स्टीलच्या डब्याने.

घरचा पर्जन्यमापक कशाला, असं शेजारचे काका अजून विचारतात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्याच दिवशी कुलाब्यात ७५ सुद्धा भरला नव्हता. एका शहरात एवढा फरक, मग आमच्या गच्चीचा हिशेब आम्हीच ठेवायचा.

माझ्याकडे टिपिंग बकेट आहे. १६ सेंटिमीटर व्यासाचं नरसाळं, खाली दोन खणांची डुलणारी वाटी, चुंबक, चुंबक जवळून गेलं की जुळणारा रीड स्विच आणि मोजणी करणारा छोटा ईएसपी३२ बोर्ड. नरसाळ्याचं क्षेत्रफळ २०१ चौरस सेंटिमीटर, म्हणजे १ मिलिमीटर पावसाला साधारण २० मिली पाणी. वाटी ०.२ मिलिमीटरला, म्हणजे ४ मिलीला कलंडते. दर कलंडण्याला एक टिचकी मोजली जाते. सलाईनच्या नळीने ५०० मिली पाणी थेंबथेंब सोडलं आणि १२४ टिचक्या येईपर्यंत स्क्रू पिळत बसलो. एक अख्खा रविवार त्यात गेला.

मग तो मंगळवार आला. रात्रभर नुसता धो-धो. सकाळी साडेआठला स्टेशन म्हणालं ११२. शेजारी विटेवर सरळ भिंतीचा डबा ठेवला होता, तोंड २० सेंटिमीटर. त्यातलं पाणी मोजपात्राने मोजलं तर ३ लिटर ७४० मिली, म्हणजे ११९. हवामान खात्याच्या हिशेबात ११५.५ पर्यंत मुसळधार, त्यापुढे अति मुसळधार. माझ्या यंत्राने पाऊस चक्क एक पायरी खाली उतरवला होता!

(साडेआठच का? खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते साडेआठ असतो. मी आधी मध्यरात्री शून्य करत होतो आणि पेपरातल्या आकड्याशी जुळत नाही म्हणून उगाच सेन्सरला शिव्या घालत होतो.)

पहिला संशय कोडवर. डिबाउन्स (एकच टिचकी दोनदा मोजू नये म्हणून मध्ये दुर्लक्ष करायचा वेळ) १०० मिलिसेकंद होता, तो ५० केला, काही फरक नाही. मग तेच ५०० मिली पंधरा मिनिटांत सोडलं, म्हणजे तासाला १०० मिलिमीटरचा वेग. टिचक्या ११५. नऊ गायब. मोबाइलवर स्लो-मोशन लावल्यावर दिसलं : वाटी कलंडताना अर्ध्या सेकंदाच्या आसपास वेळ जातो, तेवढ्यात धार भरलेल्याच खणात पडते आणि फुकट वाहून जाते. रिमझिमीत हे जाणवतही नाही. मुंबईच्या खऱ्या पावसात मात्र नेमकं नको तेव्हा नडतं. आता दोन टिचक्यांमधलं अंतर पाहून दुरुस्ती लावतो, जितकं अंतर कमी तितकी भर जास्त. त्यानंतरच्या दोन पावसांत डबा आणि यंत्र २ मिलिमीटरच्या आत आहेत.

कॅमेऱ्याचं थोडक्यात. ईएसपी३२-कॅम (कॅमेरा असलेला तसलाच बोर्ड) सारखा रीस्टार्ट होत होता. दोष पाच मीटरच्या बारीक केबलचा, व्होल्टेज पोचतच नव्हतं. जाड वायर टाकली, शांत झाला. डब्बीत सिलिका जेलची पुडी टाकली तरी सकाळी काच धुरकट असतेच. समोरच्या विंगमधून तक्रार आल्यामुळे कॅमेरा आता फक्त आभाळाकडे बघतो, खरं तर ढगांसाठी तेच बरं. बीएमई२८० या हवेच्या सेन्सरची आर्द्रता आठवडाभर शंभर टक्क्यांवर चिकटली आहे, तिच्यावर माझा विश्वास नाही.

घरात कौतुक फक्त एका ऑटोमेशनचं व्हायला हवं होतं : पाऊस सुरू झाला की स्पीकरवर ‘कपडे काढा’. आईचा शेरा, "अरे, कपडे भिजल्यावर बोंबलतंय तुझं यंत्र." बरोबरच आहे. पहिली टिचकी पडायलाच ४ मिली साठावं लागतं, नरसाळं आधी ओलं व्हावं लागतं. म्हणून थेंब ओळखणारी तांब्याच्या रेघांची पट्टी लावली. ती सतत करंटवर ठेवल्याने दहा दिवसांत हिरवी पडून गेली. दुसरी पट्टी फक्त वाचनापुरती, दर दहा सेकंदांनी क्षणभर चालू होते. अजून टिकून आहे.

पुढचं काम कबुतरांचं. नरसाळ्यात पीस अडकलं की भर पावसात शून्य दिसतं. जाळी बसवायची आहे, तोवर डबा तिथेच हवा. आई म्हणते, गणपतीच्या आत लाडवांसाठी परत पाहिजे.