जनीचा पदर, माझा स्कार्फ

११ फेब्रुवारी २०२५, मंगळवार

आज बारावीचा पहिला पेपर. सकाळच्या गंगाखेड गाडीत खिडकी मिळाली. कंडक्टर तिकिटं देत देत आला. शेजारच्या मावशींना म्हणाला, "कुठं जायचं, मावशी?" आणि माझ्याकडं वळून, "किधर जाना है?"

मी म्हणाले, "गंगाखेड. एक अर्धं द्या."

त्याची मशीनवरची बोटं थांबली. त्यानं वर बघितलं, मग तिकीट दिलं. पोखर्णी जवळ आलं तशा मावशी म्हणाल्या, "बाई, मराठी लई चांगली बोलता की तुम्ही."

त्या मनापासून म्हणाल्या. मीही हसले. पण ते वाक्य मला टोचतं, हे आज लिहून ठेवते. जिंतूर तालुक्यातल्या खेड्यात माझा जन्म. घरात दखनी उर्दू, उंबऱ्याबाहेर मराठी. रुसायचं दखनीत, भांडायचं मराठीत. नांदेडच्या विद्यापीठातून मराठीत एम. ए. केलं आणि गेली १४ वर्षं अकरावी-बारावीला मराठीच शिकवते. तरी डोक्याला स्कार्फ आणि कपाळ मोकळं दिसलं की माझी भाषा लोकांनी आधीच ठरवलेली असते. परभणीत भाड्यानं घर शोधत होतो तेव्हा फोनवर सगळे म्हणायचे, या की बघायला. दारात गेलं की नजर आधी डोक्यावर जायची, आणि घर "आत्ताच सकाळी" दुसऱ्याला दिलेलं असायचं. असं तीनदा झालं. चौथ्या वेळी मी फोनवरच नाव सांगितलं. तेवढाच रिक्षाचा खर्च वाचला.

केंद्रावर मुलींच्या झडतीला मी आणि आणखी एक मॅडम होतो. यंदा सगळ्यांच्या मनावर ताण होता. गेल्या महिन्यात राज्याच्या एका मंत्र्यांनी शिक्षणमंत्र्यांना पत्र लिहून, परीक्षा केंद्रांवर बुरख्याला परवानगी देऊ नये, अशी मागणी केली. कारण कॉपीचं आणि सुरक्षेचं. ती बातमी गावोगावच्या पोरींच्या मोबाईलवर पोचली होती. हे मला कळलं ते एका पोरीच्या हातांवरून.

ती लांबच्या खेड्यातून आली होती, नकाब लावून. फाटकापासून दहा पावलांवर असतानाच तिनं स्वतःहून नकाब सोडायला घेतला. कुणी काही म्हणालं नव्हतं. भोवती मुलं, शिपाई, पालक, एक पोलिस. घाईत तिला टाचणी सापडेना. कानामागची निघाली ती तिनं दातात धरली, हनुवटीखालची बोटात घुसली. रक्ताचा एवढासा ठिपका हॉलतिकिटाच्या कोपऱ्यावर पडला. मी तिचा दंड धरून म्हणाले, "थांब बाळा, इथं नाही. आत चल." आतल्या खोलीत दार लोटून घेतलं. चेहरा फोटोशी जुळवला, दोन्ही कान बघितले, बाह्या बघितल्या. सगळं मिळून अर्ध्या मिनिटाचं काम. बाईनं बाईची झडती आडोशाला घ्यायची, एवढं केलं की त्या पत्रातल्या शंकेला उत्तर मिळतं. त्यासाठी पोरीचं डोकं उघडं करायची गरज कुठं येते?

तिला पाणी दिलं. ती म्हणाली, "मॅडम, अंदर लेते ना मेरेकू?"

इंग्रजीच्या पेपराच्या दिवशी पोरींच्या डोक्यात निबंध, पत्रलेखन असलं काही असायला पाहिजे. हिच्या डोक्यात आत घेतील का नाही, एवढंच होतं.

तिच्याच मागं स्कूटीवरून दोघी आल्या. दोघींच्या तोंडाला डोळ्यांखालपर्यंत घट्ट बांधलेला स्कार्फ, वर गॉगल, हातात कोपरापर्यंत मोजे. आपल्याकडं उन्हाधुळीत सगळ्याच पोरी असं बांधतात. मेमध्ये परभणीच्या रस्त्यावर एका तरी तरुण पोरीचा चेहरा दिसतो का? त्यांनी स्कार्फ सोडला, डिक्कीत टाकला, आत आल्या. त्यांचीही झडती मी तेवढीच घेतली. फरक आहे, मला कळतं. त्यांचा स्कार्फ सावलीत आल्यावर सुटतो, आमचा सुटत नाही. पण त्या फाटकातून येत असताना कुणाच्याही कपाळाला आठी पडली नाही, आणि हिच्या वेळी पडली. कापड दोघींच्या तोंडावर सारखंच होतं. आज चिठ्ठ्या सापडल्या त्या एका मुलाच्या मोज्यात.

मधल्या वेळेत एक सहकारी म्हणाले, "मॅडम, तुमच्या लोकांनीच आता पुढं होऊन हे बंद करायला पाहिजे. दलवाई वाचा." सर चांगले आहेत, माझ्या अडीनडीला धावून आलेले आहेत. मी त्यांना सांगितलं, वाचलेत. १८ एप्रिल १९६६ ला हमीद दलवाईंनी मुंबईत सात मुस्लिम बायकांचा मोर्चा काढला तो तोंडी तलाकच्या विरोधात. त्याचा कायदा व्हायला २०१९ उजाडलं. त्या ५३ वर्षांत आमच्या गल्लीत किती बायका लेकरं घेऊन माहेरी परत आल्या, त्यांच्या पोटापाण्याचं काय झालं, हे सरांनी मला कधी विचारलं नाही. स्कार्फचं मात्र दर वर्षी विचारतात. सर गप्प झाले. मग म्हणाले, "खरंय, हे नाही विचारलं." मला बरं वाटलं.

१२ फेब्रुवारी, बुधवार

रात्री झोप नव्हती. त्या पोरीचा चेहरा समोर येत राहिला आणि मग दादीचा.

माझी दादी निजामाच्या राज्यात जन्मली. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात आलं तेव्हा ती नवी नवरी होती. तिनं बुरखा आयुष्यात पाहिला असेल, घातला नाही. नऊवारी लुगडं आणि डोईवर पदर. निंदायला बायांची ओळ बसली की लांबून कुणाची कोण ते कळायचं नाही. सगळ्यांचे पदर डोक्यावर, सगळ्यांच्या हातात खुरपं. जवळ गेल्यावर कपाळावर कुंकू आहे का नाही, एवढ्यावरून काय ते ओळखायचं. अम्मी पाचवारी नेसायची, पदर तसाच. घरात एक काळा बुरखा होता, तो खुंटीवर. परगावी लग्नाला जाताना अम्मी नाहीतर चाची, जी जाईल ती घालायची.

मग माझ्या डोक्यावर हा स्कार्फ कुठून आला? १९९८ मध्ये मी दहावी पास झाले. गावात पुढं शाळा नव्हती, जिंतूरला जावं लागणार होतं. अब्बा तयार होते, चाचा नव्हते. दोन दिवस घरात चूल पेटली ती नुसती पेटली, कुणी धड जेवलं नाही. तिसऱ्या दिवशी अम्मीनं तोड काढली: पोरगी स्कार्फ बांधून जाईल. चाचांच्या तोंडाला कुलूप लागलं. माझा कॉलेजचा रस्ता त्या दीड मीटर कापडावरून गेला. तेव्हा त्यात श्रद्धा नव्हती, हे मी इथं खरं लिहिते. श्रद्धा नंतर आली, हळूहळू, लग्नानंतर, अब्बा गेल्यावर. आता तो मला माझा वाटतो. नमाजला उभी राहते तेव्हा आणि वर्गात उभी राहते तेव्हा मी तीच असते.

माझ्या बघण्यात आमच्या भागात काळा बुरखा वाढला तो बाबरी मशीद पडली त्या १९९२ च्या डिसेंबरनंतर. भीती होती, आखातातून परतलेल्यांनी आणलेले पायघोळ अबाये होते, मोहल्ल्यातल्या धार्मिक जलशांमधली भाषणं होती. आणि आमच्यासारख्या पोरी पहिल्यांदाच शिकायला घराबाहेर पडत होत्या. एकाच गल्लीत एकीला तो जबरदस्तीनं मिळाला, दुसरीनं हौसेनं घेतला, तिसरीनं माझ्यासारखा सौद्यात घेतला. बाहेरून बघणाऱ्याला तिघी सारख्याच दिसतात.

२०२२ आठवतं. उडुपीच्या कॉलेजात हिजाब घातलेल्या पोरींना वर्गाबाहेर थांबवलं, ५ फेब्रुवारीला कर्नाटक सरकारचा आदेश निघाला, १५ मार्चला तिथल्या उच्च न्यायालयानं तो कायम ठेवला. तेव्हा आमच्या बीडमध्ये फलक लागला होता: पहले हिजाब, फिर किताब. तो बघून मला संताप आला होता, आजही येतो. फलक लावणाऱ्यांना कुणी सांगावं की माझ्या घरात हिजाब आला तोच किताबेसाठी! आधी-नंतरचा हिशेब पोरींनी मांडलेला नव्हता, त्यांना दोन्ही हवं होतं. पुढं १३ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयात दोन न्यायमूर्तींची दोन मतं पडली. न्यायमूर्ती धुलियांनी जे म्हटलं त्याचा आशय मी तेव्हा वहीत टिपून ठेवला होता: शिकायला निघालेल्या मुलीच्या वाटेत आधीच किती अडचणी असतात, हिजाबसाठी तिचं शिक्षण नाकारून आपण तिचं आयुष्य सुधारतो आहोत का? २०२४ मध्ये चेंबूरच्या कॉलेजचं प्रकरण गेलं तेव्हा सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्टमध्ये हिजाबबंदीपुरती स्थगिती दिली आणि विचारलं, टिकली, टिळा लावून आलेल्यांनाही थांबवणार का?

आणि इराण. तिथं १९३६ मध्ये रझा शाहनं पोलिसांकरवी बायकांच्या डोक्यावरची चादर ओढून काढायला लावली. क्रांतीनंतर त्याच रस्त्यांवर पोलिस ती डोक्यावर नाही म्हणून बायकांना पकडू लागले. सप्टेंबर २०२२ मध्ये महसा अमिनी पोलिसांच्या ताब्यात असताना गेली. तिच्यासाठी मी रडले होते. शेजारच्या बाजी म्हणाल्या, तू तो स्कार्फवाली, तू कायकू रोती? मला त्यांना नीट सांगता आलं नव्हतं.

१६ फेब्रुवारी, रविवार

संध्याकाळी लेकीला घेऊन उरसात गेले. परभणीतल्या तुराबुल हक साहेबांच्या दर्ग्याची गर्दी आता जरा ओसरली आहे. लेक राहाटपाळण्याकडं पळाली, मी दर्ग्याच्या पायरीशी थांबले. बायका येत होत्या, हातात नारळ, रेवड्या, फुलांची चादर. अर्ध्याहून जास्त बायकांच्या कपाळावर कुंकू. पायरीशी आलं की प्रत्येकीचा हात आपोआप पदराकडं जात होता आणि पदर डोक्यावर येत होता. कुणाला सांगावं लागत नव्हतं.

त्यात माझी बारावीची एक विद्यार्थिनी दिसली, आईबरोबर. तिची ओढणी रेशमी, डोक्यावर टिकेना. मला बघून हसत आली. "मॅडम, पिन आहे का?" मी माझ्या स्कार्फची कानाजवळची एक टाचणी काढली आणि तिच्या ओढणीला लावून दिली. केसांना तेल होतं, कापड घसरत होतं, दोनदा लावावी लागली.

ही तीच पोरगी. ऑगस्टमध्ये मी वर्गात जनाबाई शिकवत होते. जनाबाई गंगाखेडची, म्हणून तो तास मी दर वर्षी जीव ओतून घेते. डोईचा पदर खांद्यावर आला तरी जनी भरल्या बाजारात निघाली, हे सांगत असताना ही उठून उभी राहिली. "मॅडम, मग तुम्ही कधी?" वर्गात कुणीतरी फिसकन हसलं, बाकी सगळे श्वास धरून बसले. तिच्या विचारण्यात खोडी नव्हती. तिला खरंच कळून घ्यायचं होतं. माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. तास संपला आणि मी स्टाफरूममध्ये येऊन पाणी प्यायले. सहा महिने ते उत्तर माझ्याकडं उधार होतं.

आज मी तिला म्हणाले, "तू जनीचं विचारलं होतंस."

तिला लगेच आठवलं. ओशाळली. "सॉरी मॅडम, तेव्हा..."

"सॉरी कामून? चांगलं विचारलंस. मी विचार करत होते. जनीला कुणी फाटकात अडवून पदर काढ म्हणालं नव्हतं. तिचा तो विठ्ठलाच्या नादात आपसूक आला खांद्यावर. कुणी हात घालून ओढला असता तर तिनंच तो घट्ट धरला असता. कुणी बळंच डोक्यावर ठेवायला लावला असता तर तिनं फेकून दिला असता. आता माझ्या डोक्याला कुणी हात लावत नाही असे चार दिवस मिळू देत, मग माझं मला कळेल."

ती ऐकत होती. तिची आई तोवर आत जाऊन आली. पोरगी निघता निघता थांबली. राहाटपाळण्यावरून उतरून माझी लेक धावत येत होती, रिबिनी सुटलेल्या, केस सगळे तोंडावर. तिच्याकडं बघत पोरीनं विचारलं, "आणि मॅडम, हिला बांधायला लावाल?"

लेक सातवीत आहे. सासूबाई महिनाभर म्हणताहेत, "अब बडी हुई वो, आठवी से स्कार्फ." त्यांच्या जिभेवर तो शब्द प्रेमानं येतो, त्यांना पोरीची काळजी आहे. मी दर वेळी भाजी निवडत "बघू" म्हणते. जे मी केंद्रावरच्या फाटकात कुणाला करू दिलं नाही, ते माझ्या घरात होऊ द्यायला निघाले होते, कारण सासूबाईंना दुखवायचं धाडस होत नव्हतं.

"नाही," मी म्हणाले. "तिला वाटलं तर ती बांधेल."

विद्यार्थिनीला हे सांगणं सोपं होतं. सासूबाईंना अजून सांगायचं आहे. शाळा जूनमध्ये उघडते, गणवेशाचं कापड मेमध्ये घेतात. त्याच्या आत बोलायला हवं. लेकीलाही विचारायला हवं, तिला तर मी अजून एका शब्दानं विचारलेलं नाही. घरी येताना रिक्षात ती माझ्या स्कार्फकडं बघत म्हणाली, "अम्मी, तेरी एक पिन गिर गई."