मामांना आज प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी ल्युटेशियम हे किरणोत्सारी औषध दिलं
शिशाच्या जाड डब्यातून आलेली छोटी कुपी, सलाइनला जोडलेली नळी, आणि काही मिनिटांत औषध शिरेत. मामा म्हणाले, "झालं? एवढंच?"

एवढंच दिसतं, पण आत जे चालतं त्याने मी भारावून गेलोय. प्रोस्टेटच्या कॅन्सरपेशींवर पीएसएमए नावाचं प्रथिन भरपूर असतं. औषधातला रेणू नेमका त्याला जाऊन चिकटतो आणि सोबत किरणोत्सारी ल्युटेशियम-१७७ घेऊन जातो. त्यातून निघणारे बीटा कण जेमतेम २ मिलिमीटरपर्यंत पोचतात, म्हणजे मारा मुख्यतः गाठीवरच. हाडांत पसरलेल्या गाठींवरसुद्धा. आधी पेट स्कॅनमध्ये, म्हणजे पीएसएमएला चिकटणारं किरणोत्सारी गॅलियम-६८ टोचून काढलेल्या चित्रात, मामांच्या गाठी लख्ख उजळल्या, तेव्हाच डॉक्टरांनी होकार दिला. ज्यांच्या उजळत नाहीत त्यांना याचा फारसा उपयोग होत नाही, हे आधीच समजून घ्या.

लाळग्रंथीही थोडं औषध ओढून घेतात, त्यामुळे तोंड कोरडं पडतं. ते मामांनी मनावर घेतलं नाही. पण अंगातून किरणोत्सार होत राहतो म्हणून काही दिवस नातवाला मांडीवर घ्यायचं नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा उतरला. फार वाईट वाटलं.

अमेरिकेत २०२२ मध्ये मान्यता मिळाली ती पुरुषी हार्मोन रोखणारे उपचार लागू पडेनासे झाल्यानंतरच्या टप्प्यासाठी. कॅन्सर हार्मोन-उपचारांना दाद देत असतानाच हे द्यावं का, याचीही मोठी चाचणी झाली आहे. तिच्याकडे माझं बारीक लक्ष आहे.

पुढचा डोस ६ आठवड्यांनी, त्याआधी रक्ततपासणी आणि पीएसए (कॅन्सर किती सक्रिय आहे याचा अंदाज देणारं रक्तातलं प्रथिन). कोणाच्या घरी हा उपचार चालू असेल तर कोरड्या तोंडावर काय उपयोगी पडलं ते जरूर सांगा.